दुखणं तेवढं जाईल

माझी कंबर गेली ती पातूरच्या घाटात. एका दिवसात नाही गेली. एकवीस वर्षं मी एसटीत वाहक आहे आणि त्यातली चौदा अकोला-वाशीम गाडीवर. पूर्वी तिकिटं छापून द्यावी लागत, आता प्रवासी कार्ड मशीनला लावतात आणि हिरवा दिवा लागतो. मशीन बदललं, पण घाटातल्या वळणांवर तोल सांभाळत उभं राहणं काही बदललं नाही. मणक्यातल्या दोन चकत्या झिजल्यात, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन केलं तर सहा महिने घरी, आणि नंतर बरं वाटेलच याची खात्री नाही. मी नको म्हटलं.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. घरी आम्ही दोघंच. मी छाया गावंडे आणि माझे यजमान दिवाकर, एका शाळेत प्रयोगशाळा परिचर. मुलगी मृणाल लग्न होऊन पुण्याला. ड्यूटीवरून आले की मी दारातच बसून राहायची, कारण चपला काढायला वाकता यायचं नाही. दिवाकर काढून द्यायचे.

२०३७च्या मार्चमध्ये त्यांनी औषधाच्या दुकानातून दुखण्यावर लावायच्या ‘शमनी’ पट्टीचा डबा आणला. जाहिरात बसस्थानकासमोरच्या फलकावर होतीच. माझ्या वयाची एक बाई, कडेवर नातू, हसून मागे बघते आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘दुखणं तेवढं जाईल. बाकी तुम्ही त्याच!’

दिवाकर म्हणजे ॲसिडच्या बाटल्या हाताळलेला माणूस. घरातल्या फिनाइलचं झाकणसुद्धा लेबल वाचल्याशिवाय उघडायचे नाहीत. त्यांनी चष्मा लावला, डबा खिडकीपाशी नेला आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं. “लावाल तिथेच काम करते. मन, मेंदू, झोप यांवर परिणाम नाही. सवय लागत नाही. सर्व ऋतूंत सुरक्षित.” मग म्हणाले, “लाव. काही हरकत नाही दिसत.”

पुढं सगळं झाल्यावर हे वाक्य त्यांना किती वेळा आठवलं असेल, मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही.

पट्टी बोटभर लांब, कातडीच्या रंगाची. कमरेला लावली आणि अर्ध्या तासात फरक पडला. दुखणं गेलं असं नव्हतं. कमरेत चमक येते आहे हे कळायचं, पण शेजारच्या घरात भांडण चालू असावं तसं. ऐकू येतंय, आपला काही संबंध नाही. आठवडाभरात मी घाटात दांडी न धरता उभी राहायला लागले. ज्या दिवशी चपला स्वतः काढल्या, त्या दिवशी दिवाकरांनी जिलेबी आणली.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला. अकोल्याला त्याचं कौतुक नाही. गाडी साधी, खिडक्यांची. इंजिनाजवळच्या पत्र्याला हात लावता येत नसे. घाम इतका यायचा की पट्टीच्या कडा ओल्या व्हायच्या. मी रोज नवी लावत होते, डब्यावर लिहिल्याप्रमाणे.

त्याच महिन्यात एका सकाळी मृणालचा फोन आला. मी जेवणाचा डबा भरत होते.

“आई, गेलं गं,” ती म्हणाली. तिला तिसरा महिना संपत आला होता.

“मंग डॉक्टरीण काय म्हणाली?”

“आई, बाळ गेलं म्हणतेय मी.”

“हाव, ऐकलं. दोन दिवस आराम कर. पुढच्या वेळी जपजो. माझी आठची गाडी आहे.”

मी फोन ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि निघाले. गाडी वेळेवर सुटली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मेडशीच्या अलीकडे एका फाट्यावर मी एका म्हाताऱ्याला उतरवलं. त्याच्या सवलतीच्या कार्डाची मुदत संपली होती, मशीनवर लाल दिवा लागला. पूर्ण भाड्याएवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. नियम आहे. मी दोनदा बेल दिली, गाडी पुढं निघाली. दुपारचे दोन वाजले होते.

ऑगस्टमध्ये आगारानं मला उत्कृष्ट वाहकाचं प्रमाणपत्र दिलं. सहा महिन्यांत माझ्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती, प्रवाशांशी एकही वाद नव्हता. मी ते भिंतीवर लावलं नाही. लपवलंही नाही. कपाटात ठेवलं.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी दिवाकर माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या हातात शाळेतली जुनी निरीक्षणवही होती. मुलं प्रयोगात काय दिसलं ते लिहितात, तसली.

“मृणालचा फोन शेवटचा कधी आला होता?” त्यांनी विचारलं.

“आला असंल मागं.”

“एकशे बारा दिवस झाले.”

“कामात असंल ती.”

त्यांनी वही उघडली. त्यात तारखा होत्या. शेजारच्या काकू वारल्या तेव्हा मी काय म्हणाले. मृणालच्या सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी काय म्हणाले. ते पडले आणि कपाळावर तीन टाके पडले, तेव्हा मी आधी गॅस बंद केला, भाजी झाकली, मग रिक्षा बोलावली. सगळं खरं होतं. मला आठवत होतं.

“तुले काहीच वाटत नाही, छाया?”

“काय वाटाचं?”

ते उठले आणि अंगणात जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांपाशी उभे राहिले. कपडे वाळले नव्हते. तरी ते काढायला लागले.

त्यांनी शोध घ्यायला सुरुवात केली आणि त्यांना बाकीचे सापडले. खामगावचा एक शिक्षक, यवतमाळची एक सून, चंद्रपूरच्या दोन बहिणी. सगळ्यांच्या घरी एकेक माणूस होतं, पट्टी लावणारं, शांत झालेलं. आणि सगळे उन्हाच्या मुलखातले. या लोकांनी अकोल्याच्या ॲडव्होकेट तबस्सुम खान यांना गाठलं. कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. दिवाकर मला तिथं घेऊन गेले, मी गेले.

तबस्सुमबाई चाळिशीच्या, चटपटीत. त्यांनी मला आधी पाणी दिलं आणि मग दिवाकरांना म्हणाल्या, “भाऊ, माझ्याकडे साडेतीनशे लोक येऊन गेले. नवरे, बायका, लेकी, सासवा. पण पट्टी वापरणारा एकही नाही. तक्रार करायला आधी माणसाला काहीतरी खुपावं लागतं. त्यांना काही खुपतच नाही.”

मग त्यांनी कायदा समजावला. एकाच खोट्या दाव्यानं हजारो ग्राहक फसले असतील, तर प्रत्येकानं वेगळा खटला करायची गरज नाही. त्यातलं एक माणूस सगळ्यांच्या वतीनं ग्राहक आयोगापुढे उभं राहू शकतं. आयोगानं परवानगी दिली की पेपरात जाहीर नोटीस निघते आणि बाकीचे त्यात सामील होतात. “पण पुढं उभं राहणारं माणूस स्वतः वापरणारं हवं. नाहीतर कंपनी म्हणेल, तुम्हाला काय झालं?”

दिवाकर माझ्याकडे न बघता म्हणाले, “छाया, तू सही करशील?”

“करा बापा. मले काय.”

मी सही केली. तबस्सुमबाई माझ्या हाताकडे बघत होत्या.

एप्रिलमध्ये नागपूरला सुनावणी लागली. तोवर पाच हजारांवर लोक सामील झाले होते. त्यांच्या नावानं त्यांच्या घरच्यांनी अर्ज भरले होते, आणि त्यांनी माझ्यासारख्याच सह्या केल्या होत्या. मी कमरेला पट्टी लावूनच गेले. आयोगाच्या अध्यक्षा पांढऱ्या केसांच्या, थकलेल्या बाई होत्या. कंपनीचे वकील उंच, अतिशय नम्र.

“छायाताई, तुमची कंबर दुखते का आता?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“दुसरा काही त्रास?”

“नाही.”

“झोप?”

“चांगली लागते.”

“घरात काही दुःख आहे तुम्हाला?”

“नाही.”

“मग तुमचं नुकसान काय झालं, ते आयोगाला सांगाल?”

मी विचार केला. मनापासून केला. “काही सांगता येत नाही,” मी म्हणाले.

मागं कोणीतरी हसलं. दिवाकर बाकावर मान खाली घालून बसले होते. वकील आभार मानून खाली बसले.

मग आमच्या बाजूनं डॉक्टर मेघश्याम ठवकर उभे राहिले. ते मेंदूवर संशोधन करणारे. त्यांनी आधी स्वतःच्या हाताला जोरात चिमटा काढला आणि म्हणाले, यात दोन गोष्टी झाल्या. एका मार्गानं मेंदूला निरोप गेला की डावा हात, मनगटाच्या वर, एवढं एवढं दुखतंय. दुसऱ्या मार्गानं निरोप गेला की हे वाईट आहे, हे थांबव. पहिला निरोप नुसता पत्ता सांगतो. सोसवत नाही असं जे वाटतं, ते दुसऱ्यामुळे. त्या दुसऱ्या निरोपाचं काम मेंदूच्या पुढच्या भागात, मधल्या एका घडीत चालतं. आणि निसर्गानं मनाच्या दुखण्यासाठी वेगळी जागा केलेली नाही. लेकरू रडलं, माणूस गेलं, आपल्या हातून चूक झाली, तर तीच घडी जागी होते. “आपण ‘मन दुखावलं’ म्हणतो ते उगाच नाही,” ते म्हणाले.

पट्टीतलं औषध त्या घडीपर्यंत पोचायला नको होतं. ते कातडीखालच्या नसांपुरतंच राहील असं बनवलं होतं, आणि थोडं रक्तात उतरलंच तर मेंदूच्या दारावर असे पंप असतात की ते आलेलं बाहेर फेकून देतात. कंपनीच्या सगळ्या चाचण्या चोवीस अंशांच्या थंड दालनात झाल्या होत्या. तिथं सगळं बरोबर निघालं. पण पंचेचाळीस अंशांत कातडीच्या शिरा फुगतात, घामानं पट्टीतलं औषध धरून ठेवणारा डिंक सैल होतो आणि रक्तात पाचपट औषध उतरतं. पंप कमी पडतात. ती घडी झोपते. ‘सर्व ऋतूंत सुरक्षित’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं आपला उन्हाळा बघितला नव्हता, किंवा बघून लिहिलं होतं.

कंपनीचे वकील म्हणाले, हा तर्क आहे. बाई तर म्हणतात त्यांना काही झालेलं नाही.

अध्यक्षा माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “छायाताई, आम्ही तुमच्यावर सक्ती करू शकत नाही. पण सहा आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तुम्ही पट्टी बंद केलीत आणि मग येऊन पुन्हा साक्ष दिलीत, तर आम्हाला तुलना करता येईल. कंबर दुखेल. इतरही काही होईल. तुमची इच्छा आहे का?”

इच्छा अशी काही नव्हती. पण गाडी बदलून दिली तर मी जात असे, तसंच हे. “करते,” मी म्हणाले.

चौथ्या दिवशी कंबर आली. ती ओळखीची होती, तिचं विशेष नाही. बाकीचं यायला वेळ लागला. दहाव्या-अकराव्या दिवशी मी पोळ्या लाटत होते आणि एकदम त्या म्हाताऱ्याचे पाय दिसले.

जवळजवळ वर्षभरात मी त्याचा एकदाही विचार केला नव्हता. त्याच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. उतरताना तो म्हणाला होता, “माय, पुढच्या गावापर्यंत तरी ने. इथं झाड बी नाही.” मी मशीनमधला लाल दिवा त्याला दाखवला होता. मागच्या काचेतून तो रस्त्याच्या कडेला उभा दिसला होता, एक हात डोक्यावर धरून. मी त्याला पाहिलं होतं आणि मग पुढच्या प्रवाशाचं कार्ड घेतलं होतं.

पोळी तव्यावर जळली. दिवाकर धावत आले. मी ओट्याला धरून खाली बसले होते. त्यांना वाटलं कंबर. मी नाही म्हणून मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या फाट्यावर गेलो. फाट्यापासून पाऊण किलोमीटरवर चहाची एक टपरी होती.

“मागच्या वर्षी? मे महिन्यात?” टपरीवाला म्हणाला. “हाव, एक म्हातारा पडला होता त्या मोरीपाशी. ॲम्ब्युलन्स आली होती. नेलं त्याले.”

“कुठं नेलं?”

“अकोल्याले नेलं का वाशीमले, काय मालूम.”

“जिवंत होता?”

त्यानं गाळणं झटकलं. “नेलं तवा तोंडावर कपडा नव्हता टाकला,” तो म्हणाला.

आम्ही दोन्ही गावांच्या सरकारी दवाखान्यांत विचारलं. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तारीख नक्की नाही. मशीनमध्ये फक्त लाल दिव्याची नोंद, तीही सहा महिन्यांनी पुसली जाते. काही कळलं नाही. आजपर्यंत कळलेलं नाही.

मग मी पुण्याला गेले, मृणालकडे. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, चहा ठेवला. जावई कामावर होते. ती वाळली होती. मी तिच्यासमोर रडले. ती माझ्याकडे बघत राहिली, परक्या बाईकडे बघावं तसं.

“पट्टीमुळे झालं, माहिती आहे मला,” ती म्हणाली. “बाबांनी सगळं सांगितलंय. मी तुला दोष देत नाही.”

“मंग बोलत काहून नाहीस माझ्याशी?”

“आई, पट्टीमुळे असेल. पण आवाज तुझाच होता.”

चहा उतू गेला. तिनं गॅस पुसला आणि म्हणाली, “तू जाताना सांग, रिक्षा बोलावते.”

दुसऱ्या साक्षीच्या आदल्या दिवशी तबस्सुमबाईंनी मला बजावलं होतं, “लेकीचं सांगा. म्हाताऱ्याचं बोलू नका. ते बोललात तर खात्याची चौकशी लागेल, आणि पोलिसही येऊ शकतात. केसला त्याची गरज नाही.”

मी लेकीचं सांगितलं. मग म्हाताऱ्याचंही सांगितलं. चपलांसकट. तबस्सुमबाईंनी डोळे मिटून घेतले.

कंपनीचे वकील उठले. या वेळी ते तितके नम्र नव्हते. “म्हणजे तुमच्या हातून घडलेल्या गुन्ह्याचा दोष तुम्ही औषधावर टाकताय?”

“नाही साहेब. दोष माझाच आहे. म्हणून तर सांगून राहिली. त्या दिवशी तो दोष मले माझा वाटला नाही. वर्षभर वाटला नाही. मागच्या वेळी तुम्ही विचारलं, नुकसान काय. तवा मले खरंच माहीत नव्हतं.”

या वेळी मागं कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

चौकशी लागली. पोलिसांना म्हाताऱ्याचं नाव सापडेना, त्यामुळे त्यांचं काम पुढं सरकलं नाही. खात्यानं मला गाडीवरून काढून बसस्थानकावरच्या चौकशी खिडकीत बसवलं. कमरेला ते बरं पडलं. मनाला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत निकाल लागला. आम्ही जिंकलो. मनावर परिणाम नाही आणि सर्व ऋतूंत सुरक्षित, हे लेबलवरचे दोन्ही दावे खोटे आणि दिशाभूल करणारे ठरले. प्रत्येक वापरणाऱ्याला भरपाई, जुनी जाहिरात बंद, आणि डब्याच्या दर्शनी बाजूवर निम्म्या जागेत, ठळक अक्षरांत इशारा छापायचा. त्याची वाक्यं ठवकर डॉक्टरांनी लिहून दिली. ‘उष्णतेत ही पट्टी वापरल्यास दुःख, पश्चात्ताप आणि आपुलकी यांची जाणीव कमी होते.’ तबस्सुमबाईंनी झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. दिवाकरांनी निकालाची प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, तळटिपांसकट.

खप निम्म्यावर येईल असं आम्हाला वाटलं होतं. दोन महिन्यांत तो तिप्पट झाला.

मेडिकलवाला सांगायचा, लोक इशाऱ्यावर बोट ठेवून विचारतात, हे नक्की होतं ना? ज्यांचे घटस्फोट चालू होते ते घ्यायचे. ज्यांना कोणालातरी कामावरून काढायचं होतं ते घ्यायचे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं ते तेराव्याच्या आधीच घ्यायचे. कंबर दुखणारे लोक मागं पडले, त्यांना डबा मिळेना. बसस्थानकासमोरच्या फलकावरची हसरी बाई कंपनीनं काढून टाकली आणि नुसता इशाराच छापला. मोठ्या अक्षरांत, आयोगाच्या हुकुमाप्रमाणे. माझ्या खिडकीतून तो समोर दिसतो.

मी तबस्सुमबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “छायाताई, खोटं बोलल्याबद्दल मी त्यांना आयोगापुढं खेचू शकते. खरं बोलल्याबद्दल कसं खेचू?”

मे महिन्यात, काही न कळवता, मृणाल घरी आली. दोन वर्षांनी. दारात उभी राहून “आई, आले गं,” म्हणाली आणि सरळ आत येऊन पंख्याखाली बसली. दिवाकरांना काय करू आणि काय नको असं झालं. ते टरबूज आणायला धावले. मी वांग्याची भाजी केली, ठेचा केला. ती पोटभर जेवली. शेजाऱ्यांची चौकशी केली, जावयांच्या बढतीचं सांगितलं, माझ्या खिडकीतल्या नोकरीबद्दल विचारलं. सगळं गोड, सगळं सुरळीत. दिवाकर तिच्याकडे बघत बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी होतं.

जेवल्यावर तिनं उकडतंय म्हणून केस वर बांधले. मानेवर, केसांच्या मुळाशी, बोटभर लांब पट्टी होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“मार्चपासून. मानेवर लावली की लवकर काम करते. पुण्यात एवढं ऊन नाही ना, मग वरून गरम पाण्याची पिशवी धरायची. सगळे तसंच करतात.”

“लेबल वाचलं होतं?”

“वाचूनच घेतली. तूच तर छापायला लावलंस.” यात टोमणा नव्हता. ती माहिती देत होती. “आई, मला आता तुझा राग येत नाही. बाळाचंही काही वाटत नाही. बघ ना, किती सोपं झालं. नाहीतर मी आले असते का इथं?”

नसती आली. हे मलाही माहीत होतं.

दिवाकर स्वयंपाकघराच्या दारात टरबुजाची ताटली घेऊन उभे होते. “राहू दे, छाया,” ते हळूच म्हणाले. “दोन दिवस तरी राहू दे.” ज्या माणसानं वही भरली होती, गावोगावची घरं शोधून काढली होती, तो हे म्हणत होता.

मी मृणालच्या मागं जाऊन बसले. “ते कुठं जात नाही, बाई. थांबून राहते. मले तेरा महिन्यांचं एकदम आलं. जितकं थांबवशील तितकं होईल.”

“असेल.”

“काढू?”

“काढलीस तर परत तसंच होईल, आई. मी बहुतेक तुझ्याशी बोलणार नाही.”

“हाव. मालूम आहे मले.”

तिनं खांदे उडवले. “तुला काढायची तर काढ.”

मी कड धरली आणि ओढली. मानेवरचे बारीक केस पट्टीबरोबर निघून आले, कातडी लाल झाली. दुसरं कोणीही “आई गं” म्हणालं असतं. ती काही म्हणाली नाही. टरबुजाची फोड उचलून खायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती गेली. उरलेला डबा आमच्या फ्रिजवर राहिला. विसरली की ठेवून गेली, ते कळलं नाही. दिवाकर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी तो डबा उचलला, लेबल वाचलं आणि पुन्हा जागेवर ठेवला. त्यानंतर मी तो फेकून दिला.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी फोन वाजला. मृणालचं नाव होतं. मी उचलला. पलीकडं ती रडत होती. हुंदक्यांनी नाही, खोलवरून, जनावरासारखी. बराच वेळ दुसरं काही नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. कमरेत कळ गेली.

“का काढलीस?” ती शेवटी म्हणाली. “मी चांगली होते. का काढलीस तू? मला तुझ्याशी बोलायचं नाही. कधीच बोलायचं नाही.”

“हाव,” मी म्हणाले.

ती पुन्हा रडायला लागली. पण तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.